लाल बल्ब पेटला की गप्प

नवरा रोज कामावर जातो ही बायकोवर देवाची केवढी कृपा असते, हे मला आमचे हे निवृत्त झाल्यावर कळलं. विक्रोळीच्या कारखान्यात हे फोरमन होते. ह्यांनी हात वर केला की अख्खं मशीन शॉप थांबायचं, असं हेच सांगतात. मी काही बघायला गेले नव्हते. घरी हात वर केला तर तो फक्त वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा.

वर्षभर हे गॅलरीत स्टुलावर बसून खालच्या रिक्षा बघत राहिले. कुणी काही विचारायला येईना, कुणाला ह्यांचं काही अडेना. एवढा बोलका माणूस, पण दिवस दिवस तोंड उघडायचा नाही. मला त्या स्टुलाची भीती वाटायला लागली होती.

मग एक दिवस हे मुलुंडहून एक कीबोर्ड, एक काळा डबा आणि वायरींनी भरलेली पिशवी घेऊन आले. तिथल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने पसारा विकायला काढला होता. तरुणपणी हेही गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ह्यांचे वडील गावच्या भजनात पेटीवर असायचे. त्या वडलांच्या चाली आता गावातही कुणाला येत नाहीत, त्या आपण घरीच रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं ह्यांनी जाहीर केलं.

"हा डबा कसला?" मी विचारलं.

"साउंड मॉड्यूल. ह्याच्या पोटात सगळी वाद्यं हायत. पेटी, सनई, बासरी, जा होया ता."

"मग ह्याला पट्ट्या कुठायत?"

"पट्ट्या कीबोर्डला. ह्याला फक्त आवाज."

"म्हणजे एकाला हात आणि एकाला गळा. आणि डोकं?"

"डोक्याला अक्षताचा लॅपटॉप," हे म्हणाले. आमची अक्षता लग्न होऊन बोरिवलीला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आमच्याच गळ्यात मारून गेली होती. हा सगळा संसार जेवणाच्या टेबलावर मांडला गेला आणि आम्ही जमिनीवर जेवायला लागलो.

आता जोडणी. प्रत्येक यंत्राच्या पाठीला दोन गोल भोकं, एकावर 'इन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'आउट'. ह्यांनी उभा जन्म मशिनं जोडण्यात घालवलेला, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. इनला इन आणि आउटला आउट जोडून हे मोकळे झाले. "सारख्याला सारखा," असं मला समजावलंही. आवाज शून्य. डबा हलवून झाला, चापट्या मारून झाल्या, एकदा तर वायरी उन्हातही ठेवल्या. मी गुपचूप उदबत्ती ओवाळली. डबा ढिम्म.

शेवटी ह्यांच्या बहिणीच्या मुलीला, रुचिराला फोन लावला. ती अंधेरीला रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते. ती पोट धरधरून हसली.

"अहो मामा, एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये घाला ना! एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान. तुम्ही तोंडाला तोंड लावलंत, मग ऐकणार कोण?"

"आमच्या घरात लग्नापासून असंच आहे गं," मी स्वयंपाकघरातून ओरडले.

त्या संध्याकाळी डबा बोलला, पण ह्यांनी कुठलंसं बटण भलत्याच आकड्यावर ठेवलं होतं. वडलांची अत्यंत गंभीर चाल ढोल, झांजा आणि शिट्टी यांत वाजली. शेजारची शीतल हातातलं पीठ झाडत गॅलरीतून नाचतच आत आली. दुसऱ्या दिवशी मात्र पेटी लागली आणि हे डोळे मिटून वाजवू लागले. मी दारात उभी राहून ऐकलं. खोटं कशाला बोलू, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

इथपर्यंत सगळं झकास होतं. मग ह्यांना शांततेची आठवण झाली.

तरुणपणी हे एकदा कुठल्याशा स्टुडिओत गेले होते. तिथे लाल दिवा लागला की माणसं श्वास रोखून उभी राहतात, हे ह्यांच्या मनात पक्कं बसलेलं. ह्यांनी देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काढला, तो दाराबाहेर गॅलरीत टांगला आणि मजल्यावरच्या सहाही घरांत जाऊन सांगून आले: लाल बल्ब पेटला की गप्प.

मला वाटलं, लोक ह्यांना वेड्यात काढतील. पण आमच्या मजल्यावरच्या लोकांना अशा गोष्टीचा भारी उत्साह. 'आमच्याकडे रेकॉर्डिंग चालतं' असं शीतल भाजीवाल्याला सांगू लागली. बल्ब पेटला की तिचा मिक्सर बंद, सगळ्यांचे कुकर गॅसवरून खाली, टीव्ही मुके. कोपऱ्यातल्या विमलामावशींना जुना खोकला. त्या बिचाऱ्या तोंडावर उशी दाबून बसायच्या आणि बल्ब विझला की दोन तासांचं एकदम खोकून घ्यायच्या. बायका गॅलरीत खुणांनी बोलायच्या. एकदा शीतलने हातवारे करून मला तिच्या नणंदेची पूर्ण भानगड सांगितली आणि मला ती तोंडी सांगितल्यापेक्षा जास्त कळली.

आमच्या घरात तर कर्फ्यू. पंखा बंद, कारण तो घरघरतो. फ्रीज बंद, कारण तो कण्हतो. मी घामाने निथळत भिंतीला टेकून बसायची. एकदा फ्रीज परत लावायचा राहिला आणि सगळे बांगडे मांजरीच्या पोटात गेले. त्या दिवशी मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एक गोष्ट मला दिसत होती. स्टूल रिकामं होतं. सकाळी लोक दारात येऊन विचारायचे, "लवूकाका, आज किती वाजता लाल?" आणि हे हात वर करून सांगायचे. तो हात मी संसारात पहिल्यांदाच बघितला. कारखान्यात शॉप थांबत असणार, हे मला त्या दिवशी पटलं.

मग परात पडली.

ह्यांचं वाजवणं रंगात आलं होतं, कानांवर ते मोठे हेडफोन, डोळे मिटलेले. स्वयंपाकघरात माझ्या हातून पितळी परात निसटली आणि गोल गोल फिरत बराच वेळ घणघणली. गॅलरीतून शीतलने डोक्यावर हात मारला. ह्यांचं लक्षच नव्हतं. संध्याकाळी ह्यांनी मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मी जीव मुठीत धरून परातीची वाट बघत होते. परात आलीच नाही. नुसती पेटी, स्वच्छ.

"बघ," हे म्हणाले, "पाठीमागे कशी शांतता हा! ही तुमच्या सगळ्यांची मेहनत."

माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी लाल बल्ब पेटल्यावर मी ह्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. आधी नुसतं "अहो, ऐकलं का" म्हटलं. हे डोलत वाजवत राहिले. मग मला चेव आला. मांजरीने खाल्लेल्या बांगड्यांपासून सुरू केलं. मग ह्यांची बहीण, म्हणजे रुचिराची आई. अक्षताच्या बारशाला माझ्या पैठणीवर आमटी सांडून ती वर कशी हसली होती, ते सगळं. मग ह्यांचं घोरणं. आणि बोलता बोलता, जे बोलायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं.

"लग्न ठरवायला आलात तेव्हा म्हणालात, मुलगी गौरीची गाणी छान म्हणते, मी पेटीवर साथ करीन. एवढी वर्षं झाली. एकदा तरी म्हणालात, नलिनी, गा म्हणून?"

हे वाजवत होते. संध्याकाळी आम्ही ते ऐकलं. माझा एक शब्द त्यात नव्हता. ह्यांनी ते परत पहिल्यापासून लावलं, मला वाटलं चाल तपासत असतील.

मी गच्चीवर जाऊन रुचिराला फोन लावला. ती म्हणाली, "मामी, ते मशीन बाहेरचा आवाज घेतच नाही गं. कुठली पट्टी केव्हा दाबली आणि किती जोरात, एवढंच टिपून ठेवतं. बाजूला बँजो पार्टी बसवलीत तरी काही फरक पडणार नाही."

"आणि फ्रीज?"

"फ्रीजचं काय?"

मी तिला सगळं सांगितलं. लाल बल्ब, कुकर, विमलामावशींची उशी. मग ती हसायला लागली, आणि मला रडू यायला लागलं. कारण येत्या रविवारी ह्यांनी अख्ख्या मजल्याला रेकॉर्डिंग ऐकायला बोलावलं होतं आणि शेवटचा हात फिरवायला रुचिरालाही. ती पोरगी तोंडाची फटकळ. लोकांसमोर तिच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर ह्यांची वाट लागली असती. लोक वर्षभर हसले असते आणि हे परत स्टुलावर जाऊन बसले असते. ते मला बघवलं नसतं.

"रुचिरा, तू काही बोलायचं नाहीस. तुला कोंबडी-वडे करून घालते."

"मामी, मला खोटं नाही जमत. लगेच हसू येतं मला."

"मग खोटं नको बोलू. मला सांग, शांतता लागते ती कशाला?"

"माईकला. कुणी गाणार असेल तर."

मी कठड्याला धरून उभी राहिले. "तर मग माईक घेऊन ये," मी म्हटलं. "मी गाते. आणि तुझ्या मामाला ह्यातलं काही कळू देऊ नकोस."

रविवारी आमच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. विमलामावशी उशी घेऊनच आल्या होत्या. रुचिराने स्टँडवर माईक लावला, कुणाकडेही न बघता. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: आता सगळे जमलेच आहात, तर मीही एक गाणं म्हणते. मी तोंड उघडणार, इतक्यात ह्यांनी लाल बल्ब लावला, हात वर केला आणि सगळे गप्प झाल्यावर म्हणाले:

"चाली झाल्या. आज नलिनी गाणार. आजपर्यंतची शांतता ही तयारी होती, खरी शांतता आज होयी."

मी रुचिराकडे बघितलं. ती माईकचा स्क्रू पिळत होती, तो आधीच घट्ट होता.

मी गायले. आईने शिकवलेलं गौरीचं गाणं, सासरी निघालेली मुलगी परसातल्या विहिरीला निरोप देते ते. पहिली ओळ थरथरली. मग मागून पेटीचे सूर आले, कुठे मला श्वास घ्यायचाय ते ओळखून थांबणारे. सगळा मजला श्वास रोखून बसला होता. फ्रीज बंद, पंखा बंद, विमलामावशींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण उशी हलली नाही. मी शेवटच्या ओळीवर आले, सूर लावला, आणि त्या सगळ्या शांततेत कुणीतरी मोठ्याने ओरडलं:

"वा!"

हेच होते.

विमलामावशींनी उशी भिरकावली. "मेल्या लवू! माझो खोकलो चलणा नाय तुका, आणि तू सोता बोंब मारतंस?" आणि त्या खोकल्या, पार मनसोक्त. खोली हसून हसून लोळली.

"पुसून टाकू का तेवढं?" रुचिराने विचारलं.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

सगळे गेल्यावर रुचिरा कोंबडी-वडे खायला बसली. दुसरा वडा संपवून म्हणाली, "मामी, तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामांचा आला. माईक आण, आणि मामीला कळू देऊ नकोस म्हणे. तुम्ही दोघं एकमेकांशी का नाही बोलत?"

मी ह्यांच्याकडे वळले. हे वायरी गुंडाळत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू मागे उभी ऱ्हवून बोललंस त्या दिवशी. तुझा एवढा बोलणा रेकॉर्डिंगात नाय, म्हटल्यावर ह्या मशीन बहिरा हा, समजलंय. पण लोकांक कसा सांगू? म्हातारीने उशी दाबून महिना काढल्यान."

"हेडफोन होते ना कानावर!"

"हेडफोनातून बायकोचा आवाज येना नाय, असो हेडफोन अजून झालो नाय."

"म्हणजे सगळं ऐकलंत?"

"सगळा. बहिणीचा पण."

रुचिराने वडा खाली ठेवला. "माझ्या आईचं काय?"

"पैठणीचा," हे म्हणाले. "ता नलिनीचा बरोबर हा."

मग ह्यांनी गुंडाळलेली वायर परत सोडली, एक टोक कीबोर्डच्या आउटमध्ये लावलं, दुसरं डब्याच्या इनमध्ये, आणि जाऊन लाल बल्ब लावला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"नलिनी, गा," हे म्हणाले.