शेठचं नाव घेणारं कडवं

"कोणाचा विश्वास बसणार नाई, पण लच्छूनं गानं धरलं का वाळूचा भरला टिप्पर जागच्या जागी बंद पडे," मी लच्छूच्या तेरवीच्या पंगतीत म्हणालो.

त्याचा पुतण्या धनराज समोरच जेवत होता. "मंग धक्का कोण मारे, भाऊ?"

"पोलीस!"

पंगत हसली. निम्मं तर खरंच होतं. लच्छू गावोगावच्या दंडारीच्या खेळात गायचा, वडशाच्या नाटक कंपन्यांत गायचा आणि कोणत्याही कंपनीत दुसरा हंगाम काढायचा नाही. लिहून दिलेलं गाणं त्याच्या घशाखाली उतरत नसे. मोहाची तेवढी उतरे. वैनगंगेची वाळू चोरणाऱ्या अंकुशशेठवर त्यानं गाणं रचलं, 'नदी नेली टिप्परानं, माय म्हणू कोणाले?' त्यापायी तुरुंगात गेला. सुटला तेव्हा गावानं खांद्यावरून मिरवत आणला.

आणि त्याच गावानं पुढच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, पाहुणा कोण बोलवावा? अंकुशशेठ! पायात पांढरे बूट, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ. हात जोडायला ही रांग. पटानंतरच्या नाटकाचा खर्च त्याचा होता ना! आमच्याकडे खर्च करणाऱ्याचं नाव गायकानं गाण्यात गुंफायची रीत. शेठनं बसल्या जागेवरून बोट दाखवलं, "लच्छूच म्हणन. नाई तं नाटक वापस."

मिरवणारे खांदे आता लच्छूच्या पाठीला लागले. "एकच कडवं म्हण ना बा. तुह्या बापाचं काय जाते?"

आठवलं की अजूनही तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"मंग? म्हटलं का त्यानं?" धनराजचा घास हातातच राहिला.

"म्हणते काय! माइक हाती घेतला अन् पिचकारी मारली, नेमकी शेठच्या बुटावर! मंग नदीचंच गानं. पोलीस धावले, तं यानं वैनगंगेत उडी टाकली. पोहता पोहता दुसरं कडवं. पल्याड वाघ पाणी पिऊन राह्यला होता, तो उठून बाजूले..."

"भाऊ."

भिंतीला टेकून बसलेली कुंता बोलली. लच्छूची बायको. दिवसभरात तिचा हा पहिला शब्द.

"काऊन खोटं सांगून राह्यले पोराले? त्यायनं गायलं. शेठचं नाव घेऊन घेऊन गायलं. तुमीच तं पुढं बसून 'वन्स मोर' म्हणत होते."

वाढणारे थांबले. माझ्या पत्रावळीवर पातळ भाजी भातातून वाहून कडेला आली.

"घरी आले अन् आंगणात ओकले," कुंता म्हणाली. "मी त्यावर चुलीतली राख टाकली. मंग घरात कधी गुणगुणलेबी नाई."