निंगव्वाचे आद्याक्षर

आमच्या शाळेत नवे वर्ष घंटेने सुरू होई, आणि ती घंटा शिपाई वाजवीत नसे. शाळेत नव्याने येणारी मुले वाजवीत. पाचवीत प्रवेश मिळालेल्या प्रत्येक मुलाचे नाव व्यासपीठावरून पुकारले जाई. ते मूल पुढे येई, प्रार्थनामंदिराच्या ओसरीत टांगलेल्या पितळी घंटेची दोरी दोन्ही हातांनी ओढी, आणि त्या एका टोलासरशी ते आमचे होई. जागा चाळीस, म्हणून टोल चाळीस. भवानी पेठेतले विणकर माग थांबवून हे टोल मोजतात, असे शिक्षकांच्या खोलीत बोलले जाई. कोणताही विणकर कशासाठीही माग थांबवील हे मला कधी पटले नाही. पण या दिवसाची वाट मीही महिनाभर आधीपासून पाहत असे, हे मान्य केले पाहिजे.

१९७३ सालच्या जूनमध्ये ही उत्सुकता नेहमीहून अधिक होती. दुष्काळाचे वर्ष सरले होते. चाळीस जागांसाठी एकशे तीस अर्ज आले होते, आणि निवडलेल्या मुलांचे आईबाप सकाळी सातपासूनच फाटकाशी उभे होते. शिवाय त्या वर्षी एक नवी गोष्ट व्हायची होती, आणि ती माझ्या आग्रहावरून होत होती. तोपर्यंत नावे अर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाचली जात. त्यामुळे आपले नाव केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नसे. नावे अकारविल्हे वाचावीत, असे माझे म्हणणे होते. आमचे मुख्याध्यापक फादर तेलिस हे मंगळूरकडचे, शांत प्रकृतीचे गृहस्थ. त्यांच्याशी मी या प्रश्नावर तीन दिवस वाद घातला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सर, तुम्ही दमणार नाही, मी दमलो. अकारविल्हे वाचा."

मी फळ्यावर स्वच्छ अक्षरांत सूचना लिहिली: नावे आद्याक्षरांच्या क्रमाने पुकारली जातील, तीनदा पुकारूनही जो विद्यार्थी पुढे येणार नाही त्याची जागा प्रतीक्षायादीतील पहिल्या विद्यार्थ्यास मिळेल. प्रतीक्षायादीत पहिला होता मोडनिंबचा भीमा काशीद. तो आदल्या संध्याकाळीच पत्र्याची पेटी घेऊन बापाबरोबर आला होता. जागा मिळाली तर पेटी वसतिगृहात जाणार होती, नाही तर एस.टी.च्या टपावर.

यादीची शुद्ध प्रत मी आदल्या दुपारी केली. अर्जांच्या गठ्ठ्यात एक अर्ज भवानी पेठेतला होता. नाव लिहिले होते 'निंगव्वा धोंडप्पा हत्तुरे'. अर्ज भरणाऱ्याने 'जन्मतारीख' या शब्दातली री ऱ्हस्व काढली होती. अशा हातून ल चा न होणे मला अगदी स्वाभाविक वाटले. शिवभक्तांच्या घरात नावामध्ये लिंग येणारच. निंग म्हणजे काय? मी दोन कोश पाहिले, दोन्हींत तो शब्द नव्हता. तेव्हा मी 'लिंगव्वा' असे लिहिले आणि त्या मुलीला न च्या रांगेतून उचलून ल च्या रांगेत नेऊन बसविले. नीट लावलेल्या यादीकडे पाहून त्या दुपारी मला जे समाधान झाले, ते आता आठवले की संकोच वाटतो.

त्या मुलीच्या घरी काय ठरले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. पण ते इथेच सांगून टाकलेले बरे. बाप धोंडप्पा अक्कलकोटच्या पलीकडे गावी शेतात, आई शरणम्मा सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकणारी. मुलीला आमच्या शाळेत जागा मिळाली तर ती आईजवळ राहणार, नाही तर दुसऱ्याच दिवशी बापाकडे जाणार. त्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती, आणि चौथी तर तिची झाली होती.

समारंभ ठरल्या वेळी सुरू झाला. मी पहिले नाव पुकारले तेव्हा तीनशे माणसांचे बोलणे एकदम थांबले. 'अंबादास' उठला, धावत गेला आणि असा काही टोल दिला की दोरी धरायला उभे असलेले गुरुलिंग सर मागे सरले. हे आमचे गणिताचे शिक्षक, भवानी पेठेतच राहणारे. मग एकामागून एक टोल पडू लागले. कोणी दोरीला लोंबकळले, कोणी घंटेला घाबरून आधी कान झाकले. एका मुलीने टोल देऊन झाल्यावर घंटेलाच नमस्कार केला. अकारविल्ह्याचाही गुण दिसू लागला: आपले अक्षर जवळ आले की आया आधीच पोरांचे केस सारखे करीत, आणि बाप घसा खाकरून ताठ बसत. नरसय्या गेला, नसीम गेली, पद्मा गेली. मी रंगात येऊन वाचीत होतो. पद्माचे नाव घेतले तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई आणि एक मुलगी उठून बाहेर गेल्या, हे मी पाहिले. पाणी प्यायला गेल्या असतील, असे मला वाटले.

ल आला. लक्ष्मणाचा टोल पडला. मी पुकारले, "लिंगव्वा धोंडप्पा हत्तुरे." कोणी उठले नाही. मी तीनदा पुकारले, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने, आणि नियमाप्रमाणे पुढे गेलो. यादी संपल्यावर भीमाचे नाव घेतले. तो पेटीसकट धावत आला, पेटी खाली ठेवायची आठवण त्याला घंटेपाशी झाली, आणि सगळे सभागृह हसले. टोल चाळीस झाले.

बुंदीच्या पुड्या वाटायला सुरुवात झाली, तेव्हा गुरुलिंग सर माझ्याकडे आले.

"आमच्या गल्लीतली निंगव्वा दिसली नाही हो. तिची दोरी मी खाली ओढून धरणार होतो. उंचीला कमी आहे ती."

"निंगव्वा कोणी नाही. लिंगव्वा होती. ती आली नाही."

"हत्तुऱ्यांची?"

"हत्तुऱ्यांचीच."

त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, पाहिली आणि परत दिली. "हे काय केलंत सर?"

"शुद्ध केले."

"पोरीचं नाव? ते काय निबंधाच्या वहीतलं वाक्य आहे?"

"निंग हा शब्द कोणत्या कोशात आहे तेवढे सांगा."

"कोशात नसेल. आमच्या गल्लीत आहे. लिंगाला आम्ही कानडी माणसं निंग म्हणतो. दोन निंगप्पा आहेत, एक निंगव्वा, आणि एक निंगराज नुकताच पाळण्यात घातलाय."

"म्हणजे मूळ ल च आहे."

"असेल की. मग त्या भीमाच्या मोडनिंबाला उद्यापासून मोडलिंब लिहा."

"तिथे मूळ न आहे. निंब हाच संस्कृत शब्द, लिंब हे त्याचे—"

मी थांबलो. लिंब हे त्याचे बिघडलेले रूप, असे मी म्हणणार होतो. आणि मी स्वतः जन्मभर लिंबच म्हणत आलो होतो. न चा ल माझ्या तोंडात झाला, तो चालला. ल चा न त्या मुलीच्या घरात झाला, तर मी तिला यादीतून उचलले.

गुरुलिंग सर म्हणाले, "वाद मग घालू. आधी पोरीला आणा. उद्याच्या गाडीनं तिला गावाला धाडतील."

मी फाटकाबाहेर पडलो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, धोतराचा सोगा हातात धरून, मी भर रस्त्यात धावलो. चौकातल्या नळाशी दोघी उभ्या होत्या. आईच्या काखेत रिकामी टोपली होती. मुलगी नळाखाली तोंड धूत होती, आणि ते का, हे विचारण्याची गरज नव्हती.

"तुम्ही निघून का आलात?" मी विचारले. दम लागल्यामुळे माझा स्वर वाजवीपेक्षा कठोर झाला असावा.

"मग काय करावं?" शरणम्मा म्हणाली. "न आला आन् गेला. नसीम झाली की एकदम पद्मा. पोरगी म्हणली, अव्वा, मला गाळलं."

"शेवटपर्यंत थांबायला हवे होते."

"कशाला? फळ्यावर तुमीच लिवलंय की, अक्षराप्रमानं म्हणून. ही वाचून दाखवली मला. न मागं पडला तर ह पत्तुर बसून आमी काय बुंदी खायची?"

माझी सूचना त्या सभागृहात या दोघींइतकी बारकाईने कोणीच वाचली नव्हती.

मी मुलीकडे वळलो. "तुला घरी कोणी लिंगव्वा म्हणत नाही?"

तिने तोंड पुसले. "लिंगव्वा आमच्या मागल्या घरात ऱ्हाती. लई म्हातारी हाय. ती कशाला शाळंत येतीया?"

"मी तुझे नाव चुकीचे लिहिले," मी म्हणालो. "चल. जागेसाठी आपल्याला थोडे भांडावे लागेल."

"कुणासंगं?"

"फादरांशी."

"मला येतं भांडाया," ती म्हणाली, आणि माझ्या पुढेच चालू लागली.

फादर तेलिसांनी सगळे ऐकून घेतले आणि मान हलविली. "वाईट झालं. पण सर, चाळीस म्हणजे चाळीस. नियम तुम्हीच लिहिलात."

"नियमच सांगतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, आणि खरे सांगायचे तर मला विलक्षण हुरूप आला होता. "तीनदा पुकारूनही जो येणार नाही त्याची जागा जाते. हिला एकदाही पुकारलेले नाही. मी पुकारले ते हिच्या शेजारच्या म्हातारीला. म्हणजे हिची जागा गेलेलीच नाही."

"मग त्या भीमाला मिळाली ती कोणाची?"

भीमा पेटीवर बसून बुंदी खात होता. त्याचा हात तोंडाशी थांबला.

"भीमाला आपण नावाने बोलावले, तो आला, त्याने घंटा वाजवली. वाजलेली घंटा परत घेता येते असे कुठे लिहिले आहे?"

"एकेचाळीस? शिक्षणाधिकाऱ्यांना काय सांगू मी?"

"एक जागा वाढवून मागणारा अर्ज मी लिहितो. चूक माझी, हे त्यात स्पष्ट लिहितो."

"तुम्ही लिहिलेला अर्ज वाचायलाच त्यांना दोन महिने लागतील."

"तोवर ती वर्गात बसेल."

फादर निंगव्वाकडे वळले. "तुला काही म्हणायचंय?"

"मी बारीक हाय," ती म्हणाली. "बाकावर तिसरी बी मावते."

फादर हसले. ते हसले की वाद संपे, हे मला अनुभवाने ठाऊक होते. मी जवळजवळ धावतच व्यासपीठावर चढलो. माणसे पांगू लागली होती. फाटकातून काही परत फिरली. मी नाव पुकारले, जसे अर्जात होते तसे, तिन्ही शब्द सुटे आणि स्पष्ट. निंगव्वा आधी नसीमच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कारण तिची जागा तिथे होती, आणि मग तिथून घंटेकडे निघाली. गुरुलिंग सरांनी दोरी खाली ओढून धरली. टोल पडला तेव्हा शरणम्माने रिकामी टोपली डोक्यावर घेतली, पुन्हा उतरवली, आणि कुठे ठेवावी हे न सुचून फादरांच्या हातात दिली.

अकरा वाजता पाचवीचा वर्ग भरला. तिसऱ्या बाकावर तिघी बसल्या होत्या. मी हजेरीपट उघडला, एक नाव खोडून योग्य जागी लिहिले आणि वाचू लागलो. नरसय्या म्हणाला, "हजर." नसीम म्हणाली, "हजर."

"निंगव्वा धोंडप्पा हत्तुरे."

"हाय."

वर्ग हसला. "हजर म्हणायचे," मी म्हणालो.

"हजर हायच की, सर."

मी पद्माचे नाव वाचले.