सोवळ्यातला बँड

गोवा मुक्त झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी आमच्या गावाला बँडची हौस आली. हौस कसली, निव्वळ पोटदुखी! शेजारच्या गावात बँड निघाला म्हणून गोकुळदास दुकानदाराला जेवण गोड लागेना. त्याने पेडण्याच्या ख्रिस्ती कायतान मास्तरची वाद्यं स्वस्तात विकत घेतली. मास्तरची माणसं एकेक करून मुंबईला गेली होती, बँड मोडला होता. म्हाताऱ्याची एकच अट होती. जत्रेत पालखी उठताना पहिला सूर त्याचा, त्याच्याच कॉर्नेटवर, त्या छोट्या पितळी कर्ण्यावर. गोकुळदासने मान डोलावली. मान डोलावायला त्याचं काय जातं!

कॉर्नेट घरी आला आणि याला सोवळं आठवलं.

“मास्तरान फुकलेला आमी तोंडाक कसा लावचा?”

सगळ्या शहाण्यांना ते पटलं. मी ढोलवाला. ढोलाला तोंड लावावं लागत नाही, म्हणून मीही गप्प बसलो. ओठांना लावायचा पितळी माउथपीस काढून मास्तरला परत केला आणि कॉर्नेट गोमूत्राने धुतला. म्हापशाहून नवा माउथपीस आणला तो सैल निघाला, तर त्याला दोरा गुंडाळला. शिकवतानाही मास्तरने वाद्याला हात लावायचा नाही, अंगणात बसून तोंडानेच चाल म्हणायची. तीन महिने तो भला माणूस घसा फोडत होता आणि हे बैल माना हलवत होते.

जत्रेत पालखी उठली. अट विसरून गोकुळदासने स्वतःच गाल फुगवले. फुस्स! पुन्हा फुंकलं, तर दोरा सुटून माउथपीस पालखीपुढे घरंगळला. शेजारच्या गावचे पोट धरून हसले.

गोकुळदास धावत देवळाच्या दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या मास्तरकडे गेला.

“मास्तर, आता तुमीच काय ता करा!”

विटाळ तेव्हा कुठे गेला कोण जाणे. मास्तरने खिशातून आपला जुना माउथपीस काढला, कॉर्नेटला बसवला आणि फुंकला. काय तो सूर! मला लाजेने रडू आलं. पालखी देवळाभोवती फिरून येईपर्यंत तो वाजवत राहिला. मग माउथपीस काढून, रुमालाने पुसून त्याने खिशात टाकला आणि कॉर्नेट गोकुळदासच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी गोकुळदासने तो माउथपीस मागायला मला पाठवलं. मी निर्लज्जासारखा गेलोही.

“ना रे पुता,” मास्तर शांतपणे म्हणाला. “तुमी फुंकल्यार तो उश्टो जातलो. मागीर हांवें तोंडाक कसो लावचो?”