गोलपोस्टला बांधलेली वाघर

मित्रांनो, जाळं म्हणालात तरी चालेल, पण मी आहे जुनी वाघर. मेंढ्या रात्री कोंडायची, दोरीची जाळी. आटपाडीकडच्या माळावर मेंढपाळ दादासोनं मला विणलं. मेंढ्यांची ऊब अंगाला लावून मी कितीतरी रात्री काढल्या. लय सुखाचे दिवस होते ते!

पुढं दादासोची लेक माया शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक झाली. गोलपोस्टला जाळी नव्हती, म्हणून दादासोनं मलाच खांबांना बांधलं. चेंडू आत आला की मला रडूच यायचं. पण माया उभी असताना तो सहसा यायचाच नाही. गावकरी टाळ्या वाजवायचे आणि मी उगीचच ऐटीत फुगायचे.

मग पलूसच्या मुलींशी इथंच, माझ्यासमोर अंतिम सामना झाला. एक जोरकस चेंडू मायाच्या डोक्यावर आदळला. ती उठली खरी, पण तिचा तोल जात होता. संघात पोरी सातच. ती बाहेर बसली तर सहा उरणार, आणि सहाजणींना खेळू देत नाहीत.

"बाई, मला काय न्हाई झालं. खेळू द्या की," माया रडत म्हणाली.

संघाला शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी तिला घट्ट धरलं आणि पंचांना सांगितलं, "आम्ही सामना सोडतो."

अहो, आम्ही एका गोलनं पुढं होतो!

गावाचा पारा चढला. "हातातला कप घालवला या बाईनं!" एकट्या दादासोनं हात जोडले. "बाई, एक मेंढरू झोकांड्या खाया लागलं की आमी आख्खा कळप थांबवतो. तुमी बी तेच केलं." पण त्याचं कोण ऐकतंय? शाळेनं बाईंकडून संघ काढून घेतला. दुसरं कुणी पुढं आलं नाही आणि खेळच बंद पडला. पोरींचा राग निघाला तो मायावर. तिची जिवाभावाची मैत्रीण अपेक्षा डबासुद्धा वेगळा खाऊ लागली.

आता माझ्यापुढं कुसळं माजलीत. संध्याकाळी फार एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? माया आता बरी आहे. पण शाळा सुटली की मैदानाला वळसा घालून, खाली मान घालून, एकटीच घरी जाते. माझ्याकडं बघतही नाही.

जुन्या वस्तू जपा, असं मी आता म्हणायला हवं. नाही म्हणणार. मी दोरी आहे, उन्हात विरून जाईन. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मायाच्या वर्गात असेल, तर उद्या शाळा सुटल्यावर तिला हाक मारा. "माया, खेळाया ये की गं," एवढंच म्हणा.