दोघांपुरती आखणी

रूपराव वर्ध्याला बांधकाम खात्यात ट्रेसर होता. साहेबानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालच्या रेघेवरून शाईची रेघ ओढायची, हे त्याचं काम. रेघ अशी सुबक की बघत राहावं. पण स्वतःच्या मनानं एक खिडकी जरी इकडची तिकडे करायची झाली, तरी त्याला घाम फुटे. घरातही तसंच. बायकोजवळ असला की बायकोचा, मोठ्या भावाजवळ असला की भावाचा. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान उभं राहून भांडता तरी येतं.

अठ्ठ्याहत्तर साली त्यानं बोरगाव मेघेला प्लॉट घेतला. घराचा नकाशा त्यानंच काढला, पण सांगितला मात्र कोकिळेनं. लग्नाला वीस वर्षं उलटून गेली होती. मूलबाळ नव्हतं आणि आता होण्याचं वयही राहिलं नव्हतं.

"एक खोली. चांगली मोठी. आपल्या दोघांची," कोकिळा म्हणाली. "सयपाकाची खोली अशी, का सकाळचं ऊन ओट्यावर आलं पाह्यजे. समोर ओसरी. झालं घर."

"आन दुसरी खोली?"

"कोणासाठी?"

रूपरावानं पेन कागदावरून उचललं. "म्हणजे पाहुणा आला तर..."

"पाहुणा ओसरीत झोपते. उन्हाळ्यात तर सारे आंगणातच झोपतेत."

एवढं बोलून ती थांबली नाही. आजवर पोटात ठेवलेलं तिनं त्या दिवशी सांगून टाकलं. रूपरावाच्या बदल्यांपायी पुलगाव, आर्वी, देवळी अशी भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात एक जास्तीची खोली असायचीच. शेजारणी हळदीकुंकवाला यायच्या, मान लांब करून आत डोकवायच्या आणि विचारायच्या, "ही खोली रिकामीच काऊन हो बाई?" कोकिळेनं त्या खोल्यांत तुरीची पोती ठेवून पाहिली, ट्रंका ठेवल्या, शिवणाची मशीन ठेवली. सामानानं खोली भरायची, पण बायकांच्या नजरेला ती रिकामीच दिसायची.

"माह्या घरात तसली खोली मले नको," ती म्हणाली. "आपण दोघं हावो, तर घरही दोघांचंच पाह्यजे. वीस वर्सांत मी तुम्हाले दुसरं काई मांगतलं का?"

मागितलं नव्हतं. उलट दिलं होतं, आणि काय दिलं होतं ते त्या दोघांनाच ठाऊक, असं ती धरून चालली होती.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी दोघं नागपूरला एका डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरानं दोघांनाही तपासलं आणि सरळ सांगितलं, बाईंमध्ये काही दोष नाही, दोष तुमच्यात आहे. परतताना एसटी स्टँडच्या बाकावर रूपराव लहान पोरासारखा रडला. "दादाले समजलं तर मी तोंड कुठं दाखवू?" एवढंच म्हणत राहिला. कोकिळेला त्याची दया आली. प्रेमही आलं, खोटं कशाला बोला. "माह्यातच दोष हाय म्हणून सांगजा," ती म्हणाली. बोलायला सोपं होतं ते. मग पुढची सगळी वर्षं तिनं ते सोसलं. बारशाला गेली तर पाळण्याला हात लावायची चोरी. डोहाळजेवणात ती ओटी भरायला पुढे झाली की कोणीतरी हळूच ताट तिच्या हातून काढून घेई. सासू आनंदाबाई तर चारचौघींत म्हणायची, "माह्या रूपरावचं नशीबच फुटकं." कोकिळा मूग गिळून बसायची आणि रूपराव खाली मान घालून वर्तमानपत्र वाचायचा.

तेव्हा ही एक गोष्ट मागण्याचा तिला हक्क होता, असं आपलं मला वाटतं. रूपरावानंही "बरं" म्हटलं. सुरेख नकाशा काढला. कोकिळेनं त्यावर बोट फिरवत ओट्याची जागा दोनदा पाहिली आणि त्या दिवशी तिनं पुरणाचा घाट घातला.

आता किसनरावांबद्दल सांगायला हवं. रूपरावाचे हे थोरले भाऊ गिरडजवळच्या गावात शेती सांभाळत. ओलिताची जमीन, तीन मुलगे, हिंगणघाटच्या जिनिंगवर कापूस नेला की व्यापारी खुर्ची पुढे करत. कोकिळेचे ते भासरे. आमच्याकडे भासऱ्यापुढे सून डोक्यावर पदर घेते, त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाही, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. तीन हातांवर ती भाकरी टाकत असली तरी किसनराव म्हणणार, "रूपराव, तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." मग रूपराव वळून म्हणणार, "दादा म्हणते, मीठ कमी हाय." ऐकलेलंच पुन्हा ऐकायचं आणि मग मीठ द्यायचं. वीस वर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कोणाला हसू येत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. तानबा मिस्त्रीनं सकाळीच दोरी ताणून चुन्यानं आखणी करून ठेवली होती. किसनराव, त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आणि आनंदाबाई गावाहून आले. ऊन तापायला लागलं होतं. कोकिळा पदर घेऊन प्लॉटच्या कडेला निंबाखाली उभी राहिली, कारण भासरे आखणीत फिरत होते.

आखणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की जमिनीवर चुन्यानं काढलेलं घर लहान दिसतं. वर मोकळं आभाळ असतं ना. भिंती उठल्या की तीच खोली ऐसपैस वाटते. पण नवखा माणूस हमखास फसतो आणि रेघा पुढे सरकवायला सांगतो. किसनराव चपला घालून एका रेघेवरून दुसऱ्या रेघेपर्यंत चालून आले.

"हे घर हाय का कोंबड्याचं खुराडं?"

"आखणी लहानच दिसते, मालक," तानबा म्हणाला. "भित उठू द्या, मंग पाहा."

"भित उठून काय खोली वाढते? आन खोली हाय तरी कुठं? एकच तं दिसून राह्यली."

रूपराव पाणी प्यायला निंबाखाली आला. कोकिळा पदराआडून घाईघाईनं म्हणाली, "अजी, त्याईले सांगा ना, दोघांले पुरते म्हणून. आपलं ठरलं हाय म्हणून सांगा."

"सांगतो ना," रूपराव म्हणाला. तांब्या खाली ठेवला, आखणीत गेला, आणि कापडी पिशवीतून त्यानं कागदाची एक गुंडाळी काढली. ही कोकिळेनं पाहिली नव्हती.

"दादा, तुम्ही मागं लग्नात सांगतलं होतं तसा हा काढून आणला. दुसरा."

मागच्या महिन्यात एका लग्नाला तो एकटाच गावी गेला होता. तिथंच हे शिजलं होतं. रूपरावाला पडत्या फळाची आज्ञा. इथं बायकोच्या रेघा पुसायच्या कशा, हा प्रश्न त्यानं नेहमीच्या पद्धतीनं सोडवला होता. दोघांचे दोन नकाशे काढले आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा खरा ठरू दिला.

किसनरावांनी नकाशा तानबापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं. मधल्या दोन खोल्या हरिदासच्या. हरिदास त्यांचा मधला मुलगा, पावसाळ्यात वर्ध्याच्या कॉलेजात यायचा होता. पुढं त्याचं लग्न होईल, लेकरं होतील, म्हणून मागं आणखी एक खोली. सयपाकघर उजव्या अंगाला. तिथं सकाळचं ऊन यायचं कारणच नव्हतं, पूर्वेला हरिदासची भिंत होती. आणि समोर ओसरीला लागून एक लहानशी खोली.

"ही याईची दोघांची. म्हातारपणी दोघांले लागते तरी किती?" किसनराव म्हणाले. "तुमच्यामागं घरात दिवा लावाले कोणी पाह्यजे का नाई? हरिदास आता तुमचाच समजा. दत्तकाचं नंतर पाहू. रूपराव, तिले सांग, तिलेही बसल्या जागी लेकरू भेटून राह्यलं म्हणा."

रूपराव निंबाकडे वळला. "दादा म्हणते, तुलेही लेकरू भेटून राह्यलं."

कोकिळेनं सगळं ऐकलं. वीस वर्षं रिकाम्या खोल्या झाडल्या, ते काय या दिवसासाठी? जी खोली तिला नको होती, तिच्या एकीच्या तीन झाल्या होत्या, आणि त्याबद्दल तिनं वर उपकार मानायचे होते. तानबानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग किसनरावांकडे पाहिलं, आणि पायानं चुना पुसायला लागला. ओट्याची जागा सर्वांत आधी गेली.

आनंदाबाईंनी पूजेचं ताट मांडलं होतं. दोन पाट ठेवले. कोकिळा पदर सावरून पुढं निघाली, कारण घर ज्यांचं ते जोडपं पूजेला बसतं. आनंदाबाईंनी हात आडवा केला.

"तू नको. पायाची पह्यली इट लेकुरवाळीच्या हातची पाह्यजे. किसन, तू बस. सुलोचने, तू बस त्याच्याजवळ."

"अवं माय, कोकिळाबाईचं घर हाय," सुलोचनाबाई अवघडून म्हणाल्या.

"घर व्हय, पण पुढं चाललं पाह्यजे ना ते."

किसनराव पाटावर बसले. सुलोचनाबाईही बसल्या, न बसून करतात काय. रूपराव विटेला हळदकुंकू लावायला वाटी धरून उभा राहिला. स्वतःच्या घराच्या पूजेत वाटी धरून! ते पाहिलं आणि कोकिळेचा धीर सुटला.

ती सरळ आखणीत चालत आली. चुन्याच्या रेघा पायांखाली मोडल्या. किसनरावांसमोर येऊन ती उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर तिनं हातानं मागं घेतला. आनंदाबाईंच्या तोंडून "अवं!" एवढंच बाहेर पडलं.

"दादाजी, मी बोलून राह्यली तुमच्याशी," ती म्हणाली. "मी वांझ नाई. नागपूरच्या डॉक्टरनं दोघांलेही तपासलं होतं. माह्यात काईच दोष नाई, दोष तुमच्या भावात हाय. त्याईची लाज राहावी म्हणून मी माह्या आंगावर घेतलं. पोट भरून शिव्या खाल्ल्या. लोकाईच्या बारशात भिताडाले टेकून बसली. त्याच्या बदल्यात एक घर मांगतलं होतं मी, दोघांचं. तेही तुम्ही पुसून टाकलं. आता सांगा, या पाटावर मी काऊन नाई बसाचं?"

बोलून झालं. रूपरावाच्या हातातली वाटी कलली आणि कुंकू थोडं विटेवर सांडलं. कोकिळेला वाटलं, आता आभाळ कोसळेल. भासरे उठतील, सासू छाती पिटेल, निदान कोणी तरी म्हणेल की हे खोटं आहे.

किसनरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहण्याची रीत नव्हती. विटेवरचं सांडलेलं कुंकू बोटानं सारखं करत ते म्हणाले, "रूपराव, तिले सांग, ते आमाले मालूम हाय. तू त्याच साली येऊन मले सांगतलं, मी मायले सांगतलं. बाईच्या नावावर राह्यलं तं झाकून राह्यते. गड्याच्या नावावर गेलं तं घराण्याले हासतेत लोक. म्हणून आमी कोणी काई बोललो नाई. आता मुहूर्त टळून राह्यला. तिले बाजूले सर म्हणा."

कोकिळेनं सासूकडे पाहिलं. आनंदाबाई ताटातल्या सुपाऱ्या नीट लावत होती. सुलोचनाबाईंनी मान खाली घातली होती, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. डोहाळजेवणात हातून ताट काढून घेणाऱ्यांत या दोघीही होत्या. इतकी वर्षं जे तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं, ते तिला न सांगता सगळ्यांनी मिळून राखलं होतं.

रूपराव तिच्याकडे वळला. तिनं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"दादा म्हणते, त्याईले मालूम होतं," तो म्हणाला. "बाजूले सर म्हणते."

"आन तुम्ही?" कोकिळेनं विचारलं. "तुम्ही काय म्हणता?"

रूपरावानं दादांकडे पाहिलं.