लेडी थर्लोची एकेचाळीस नंबरची खोली

लेडी थर्लो बुडाली. आता हे मी बोललोच नाही असं समजा, कारण आमच्या अख्ख्या गावानं नऊ दिवस तसंच समजून काढले.

सव्वीस वर्षं हे जहाज लिव्हरपूलहून हॅलिफॅक्सला ये-जा करत होतं. त्यानं लॉर्ड वाहिले, कफल्लक वाहिले, लढाईत पलटणी वाहिल्या, आणि आफ्रिकेला निघालेला एक पाद्री चुकून चढला तोही वाहिला. मग धुक्यात न्यूफाउंडलंडचा आमचा खडक आडवा आला आणि जहाज त्यावर अडकून बसलं. कप्तानासकट सगळे होड्यांतून सुखरूप उतरले. मिसेस गार्स्टँग सोडून. त्या जहाजावर बायकांच्या खोल्यांची व्यवस्था बघत. एकेचाळीस नंबरची खोली त्यांची स्वतःची. जमिनीवर दुसरं घर नव्हतं.

आमच्या खाडीचा नेम साधा: जहाजावर एक जरी माणूस असला तर ते जहाज, नसला तर सरपण. त्यामुळे गाव कुऱ्हाडी घेऊन खोळंबलं. म्हाताऱ्या अझाराया पाइककाकाला तर तिथला नक्षीदार जिना हवा होता. काकाच्या घराला माडी नाही.

"बाई, उतरा आता," काका होडीतून म्हणाला. "जहाजात समुद्र शिरलाय."

"तिकीट दाखवलंय का त्यानं?"

"तुम्ही उतरल्याशिवाय आम्हाला लुटता येत नाही हो."

"मग पाय पुसून वर या. चहा होतोय."

तिथंच आम्ही फसलो. जिथला चहा प्यायला तिथली दारं कशी उचकटणार? पाचव्या दिवशी काका जिन्याला पॉलिश करत होता आणि बाई वरून म्हणत होत्या, "कोपरे राहिले."

नवव्या दिवशी आग्नेयेचा वारा सुटला नि जहाज कण्हत कलंडलं. बाई खोलीला आतून कडी लावून बसल्या. काकानं कुऱ्हाडीनं दार फोडलं आणि त्यांना पाठुंगळी घेतलं.

"खाली ठेवा मला, मिस्टर पाइक. पलंग आवरायचाय."

"नंतर आवरू."

संध्याकाळपर्यंत जहाज खोल पाण्यात गेलं, जिन्यासकट.

बाई आता काकाकडेच असतात. घर हलत नाही म्हणून त्यांना झोप लागत नाही. काल त्यांनी मला जहाज कंपनीला अर्ज लिहायला बसवलं:

"महोदय, एकेचाळीस नंबरची खोली सध्या वीस वाव खोल पाण्याखाली आहे. तरी जहाजाच्या पुढील फेरीपासून ती पूर्ववत माझ्या नावे राखून ठेवावी, व तत्पूर्वी सुतार पाठवून तिचे दार बसवून घ्यावे, ही नम्र विनंती."