मुलींचा ढीग, मुलांचा ढीग

डॉक्टर वेंडेल ऑस्ट्रँडर कागद उलटण्याआधी अंगठा जिभेला लावायचा. नुसता टेकवायचा नाही, चांगला ओला करायचा. मार्लिस लुंडला पहिल्या दिवसापासून त्याची शिसारी बसली होती. पण चोपन्न वर्षांच्या बाईने नव्या कामावर अंगठ्यावरून काय कुरकुर करायची? ती गप्प राहायची आणि त्याच्या हातातला कागद कोरड्या कोपऱ्याला धरून घ्यायची.

अमेरिकेत सरोवराकाठच्या ड्युलूथ बंदरात, गोदीवरच्या एका जहाज कंपनीत तिने बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले होते. लोहखनिजाची जहाजं कमी झाली आणि कंपनीने ऑफिसला टाळं लावलं. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाला प्रोग्रॅम वाचता येणारं माणूस हवं होतं. ते काम तिने धरलं.

आदल्या वर्षी तीस मुली आणि तीस मुलगे अशा साठ विद्यार्थ्यांनी एकच प्रोग्रॅम लिहिला होता. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना धक्के नेमून द्यायचे, एवढंच त्याचं काम. प्रत्येकाच्या पहिल्या खरड्यापासून शेवटच्या प्रतीपर्यंतचे सगळे कागद टाचून ठेवले होते. वर नाव नाही, फक्त नंबर. मार्लिसने ते वाचून दोन ढीग करायचे होते. आधी सगळा आराखडा ठरवून मग लिहिणारे एका बाजूला. थोडं लिहून, चालवून बघून, चाचपत पुढे सरकणारे दुसऱ्या बाजूला. पुरुषाचं डोकं आराखड्याने चालतं आणि बाईचं चाचपत, असं ऑस्ट्रँडरचं ठाम मत होतं. ऑक्टोबरात त्याचं त्यावर जाहीर व्याख्यान होतं, तेव्हा पुरावाही ऑक्टोबरच्या आत हवा होता.

दोन आठवडे ती वाचत होती. तेवीस नंबर वाचताना तर ती खुर्चीत सावरून बसली. चार ओळींत जहाजांची सगळी रांग लावून टाकली होती, कुठे खोडाखोड नाही. 'कुणीतरी हुशार पोरगा दिसतोय,' असं तिच्या मनात आलं आणि पाठोपाठ तिची तिलाच लाज वाटली. बावीस वर्षं हेच ऐकून घेतलं, आणि आता आपणही?

ढीग झाल्यावर ऑस्ट्रँडरने नंबरांची यादी काढली. कोणता नंबर मुलीचा, कोणता मुलाचा, हे त्याच्या हाताखालच्या डार्ला किवीने टाइप केलं होतं. डार्ला खाणींकडच्या गावातली, वीस वर्षांची, बोलताना ओठ चावणारी पोरगी. त्या साठांत तीही एक होती.

मोजदाद झाली. आराखड्याच्या ढिगात जेवढे मुलगे तेवढ्याच मुली निघाल्या. चाचपणाऱ्यांतही तेच.

"असं कसं होईल?" ऑस्ट्रँडर म्हणाला.

"झालंय खरं," मार्लिस म्हणाली. "डोकी सारखीच चालतात, डॉक्टर. संपला विषय."

"संपला कसा? तुम्ही वरवरचं बघितलंत, मिसेस लुंड. थांबा, मी दाखवतो."

त्याने आराखड्याचा ढीग पुढ्यात ओढला, अंगठा ओला केला आणि आधी यादीत बघितलं. मग कागदात.

"हा सतरा. मुलगी. आराखडा आहे, कबूल. पण हा विचार नाही, हा आज्ञाधारकपणा आहे. मास्तरांनी सांगितलं तसं लिहिलं." सतरा नंबर चाचपणाऱ्यांच्या ढिगात गेला. "हा एकतीस. मुलगा. तुम्ही याला चाचपणं म्हणता? याच्या मनात आराखडा पक्का आहे, म्हणून तर तो बेधडक प्रयोग करतोय." एकतीस इकडे आला.

"आणि तेवीस?" मार्लिसने विचारलं.

त्याने यादी बघितली. "मुलगा. वा! बघा, काय पकड आहे! जन्मजात."

तासाभरात ढीग त्याला हवे तसे झाले. मार्लिस नुसती बघत होती. दुपारी तिने डबा उघडला. सकाळी स्वतःच्या हाताने केलेलं अंड्याचं सँडविच तिला तोंडाजवळही नेववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्ला दारात उभी होती. चेहरा पांढराफटक.

"सर, माझ्याकडून चूक झाली. यादी टाइप करताना बारा नंबरची ओळ सुटून तळाशी गेली. तिथून खालची सगळी एकेक घर वर सरकली. एकोणपन्नास नंबरांपुढे दुसऱ्याचंच लागलंय."

मार्लिसच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता हा माणूस काय करेल? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटायला हवं होतं. "आणि काल ज्याला जन्मजात म्हणालात, तो तेवीस नंबर कुणाचा?" तिने विचारलं.

"माझाच आहे तो," डार्ला हळूच म्हणाली.

ऑस्ट्रँडरने क्षणभर तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्याने डार्लाच्या हातातली दुरुस्त यादी घेतली, दोन्ही ढीग पुढ्यात ओढले आणि अंगठा जिभेला लावला.

"सतरा. मुलगा. हां, तरीच! शिस्त आहे." सतरा परत आला. "एकतीस. मुलगी. चाचपतेय बिचारी." एकतीस परत गेला. "तेवीस... डार्ला, राग मानू नकोस हं. कामात टापटीप आहे. पण टापटीप म्हणजे काही झेप नव्हे."

कालचीच वाक्यं, फक्त माणसं बदललेली. आवाजात कंप नाही की नजरेत ओशाळेपणा नाही. तो खोटं बोलत असता तर मार्लिसला एवढी किळस आली नसती. हा माणूस प्रत्येक शब्द मनापासून बोलत होता! काल मनापासून, आजही मनापासून. साचलेल्या पाण्यात हात बुडवल्यासारखं तिला झालं.

"अहो, काल याच कागदाला तुम्ही जन्मजात म्हणालात," ती म्हणाली.

"काल माहिती अपुरी होती."

"कागद तोच आहे ना?"

"मिसेस लुंड, तुम्हाला बारकावे छान दिसतात. सगळं चित्र माझ्यावर सोडा. इथे वाचक म्हणून सही करा."

"मी केलेले ढीग हे नाहीत. सही मिळणार नाही."

तिने पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. डार्लाने मान वर केली नाही.

ऑक्टोबरातल्या व्याख्यानाला ती मुद्दाम गेली. सभागृह भरलं होतं, मागे कॉफी आणि लेमन बार नावाच्या लिंबाच्या वड्या मांडल्या होत्या. पडद्यावर दोन ढिगांची चित्रं आली. मुलींच्या ढिगाच्या चित्राखाली वाचकाचं नाव होतं: डार्ला किवी.

मार्लिस उभी राहिली. हात वर करत बसली नाही.

"तुमची यादी चुकली होती. त्या चुकलेल्या यादीवरूनही तुम्ही हेच सिद्ध केलं होतंत, आणि हेच कागद दाखवून. हे लोकांना सांगणार का?"

ऑस्ट्रँडर हसला, अगदी प्रेमाने.

"या आमच्या मिसेस लुंड. फार चिकाटीने काम केलं यांनी. आणि बघा, एक टाइपाची चूकसुद्धा विसरल्या नाहीत. बाईची नजर ती हीच!"

लोक हसले. बायकाही हसल्या. पहिल्या रांगेतल्या एकीने तर टाळी वाजवली.

बाहेर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. मार्लिस गाडीपाशी पोचली तेव्हा मागून धावत्या पावलांचा आवाज आला.

"मिसेस लुंड! अहो, थांबा ना. रागावलात?"

"तू सही का केलीस गं?"

"मिनियापोलिसला इंजिनिअरिंगला जायचंय. त्यांचं शिफारसपत्र लागतं. बाबांची खाण बंद झालीय, इथे राहून मी काय करू?"

"स्वतःच्या कागदावर चाचपणारी म्हणून शिक्का मारलास?"

"मला माहितेय ना, तो कागद कसा आहे ते. मला माहितेय तेवढं पुरे."

"नाही पुरत," मार्लिस म्हणाली. "मीपण हेच म्हणायचे. कंपनीच्या मासिकात माझा प्रोग्रॅम साहेबाच्या फोटोखाली छापला, तेव्हा म्हटलं, मला माहितेय ना, पुरे. त्याच्यानंतर माझ्याकडे टायपिंग आलं. वर्षभर."

डार्ला ओठ चावत उभी राहिली. तिच्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेला लेमन बार होता. बहुधा मार्लिससाठीच आणला होता. मार्लिसने तो घेतला नाही. पोरीवर चिडायचं तिच्या मनात नव्हतं, पण त्या घटकेला तिला त्या सभागृहातलं काहीही हातात धरवत नव्हतं.

ऑस्ट्रँडरचा निबंध ज्या संशोधनाच्या मासिकात येणार होता, त्याला तिने सहापानी पत्र लिहिलं, दोन्ही याद्यांची हकिगत मांडून. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: निबंध तज्ज्ञांनी तपासलेला आहे, आभार. वसंतात निबंध छापून आला. गावच्या वर्तमानपत्राने त्यावर अर्धं पान दिलं, सोबत एप्रन घालून कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईचं व्यंगचित्र. सुपरमार्केटात काउंटरवरच्या मुलीने ते दाखवून विचारलं, "खरंच असतं का हो असं?"

"नसतं," मार्लिस म्हणाली. मागे रांग थांबली होती. तरी तिने सामान बाजूला सारलं आणि त्या मुलीला साठ कागदांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.